पानाचा ठसा : मुलांच्या वर्गाकरिता धडा

कळंबोलीस जेथे पूर्वी भाताची खाचरे होती, तेथे आज लोखंडाचा बाजार व उंच इमारती आहेत. तथापि पिंपळाचे गळलेले पान मुलांस अद्याप सहज मिळते. तेवढ्यावर पुढील धडा शिकविता येतो.

कृती.— दोन वाट्या मैदा व एक वाटी बारीक मीठ एकत्र करून, सुमारे एक वाटी पाणी थोडे थोडे घालीत घट्ट गोळा मळावा. घरी धान्याची ओढ असेल तर मैद्याऐवजी कुंभाराची चाळलेली चिकणमाती घ्यावी. अन्नाची नासाडी करून विद्या शिकवू नये. मिठाचा गोळा मुलांनी खाऊ नये, हेही बजावावे. अर्धा बोट जाड पोळी लाटून, पानाची शिरा उठलेली बाजू खाली ठेवावी, वरून लाटणे हलके फिरवावे आणि देठ धरून पान उचलावे. ठसा सावलीत दोन-तीन दिवस, मधून मधून उलटून, वाळवावा. कडक उन्हात वरचा थर आधी आटतो व आतील ओला राहतो. म्हणून तडे जातात.

अर्थ.— पान कुजेल, पण त्याची रेषा राहील. प्राचीन काळी चिखलात पडलेल्या पानांवर थरांवर थर साचले व त्यांचा दगड झाला. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप (मृत्यू 1863) व त्यांचे सोबती रॉबर्ट हंटर यांनी कामठीच्या वालुकाश्मात असेच पानांचे ठसे शोधिले. त्या वनस्पती सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वीच्या आहेत. आपल्या पनवेलकडील काळा खडक मात्र सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या तप्त लाव्ह्याचा; त्यात पान जळून जाते. परंतु लाव्ह्याच्या दोन पुरांमधील काळात तळी साचत. मुंबईच्या वरळी टेकडीत अशाच गाळात बेडकांचे जीवाश्म सापडले. त्यांचे वर्णन 1847 साली रिचर्ड ओवेन यांनी केले.

शिक्षकांस सूचना.— आपण केलेला ठसा जीवाश्म नव्हे, हे मुलांस स्पष्ट सांगावे. मग निरनिराळ्या पानांचे ठसे एकत्र मांडून विचारावे:

1. हे पान कोणत्या झाडाचे? कशावरून?
2. ठशावरून पानाचा रंग कळतो काय?
3. ठसा काय सांगतो व काय सांगत नाही?

तिसऱ्या प्रश्नास पुरेसा वेळ द्यावा. जितका पुरावा तितकेच बोलावे, ही सवय ज्या मुलास लागली, ते पुढे गावच्या अफवेसही “कशावरून?” असे विचारील.