गुणपत्रिका कशी वाचावी?

वार्षिक परीक्षेचा निकाल लागला, की गुणपत्रिका घरी जाते. वडीलधारी मंडळी प्रथम पाहतात ती तळची बेरीज आणि तिच्या शेजारचा क्रमांक. तेवढ्यावरून कौतुक होते, नाही तर बोलणी बसतात. आणि कागद कपाटात जातो. वस्तुतः खरे वाचन तेथून पुढे सुरू व्हावयास हवे. विद्यार्थी मित्रांनो, आपण धडा वाचावयास शिकतो, त्याचप्रमाणे गुणपत्रिका वाचावयासही शिकले पाहिजे.

आरंभीच हे मान्य करू, की गुणांवाचून शाळेचे चालत नाही. आपल्या गोव्याचे माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ १९७५ साली अस्तित्वात आले. मंडळाच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याचे नाव नसते. असतो तो केवळ आसनक्रमांक. मुलगा कोणत्या घरचा, कोणत्या जातीचा, हे तपासनिसास ठाऊक नसते. श्रीमंताच्या आणि कष्टकऱ्याच्या मुलास एकच माप लागते. ही समता लहानसहान नव्हे. परीक्षेला नावे ठेवण्यापूर्वी तिचा हा गुण ध्यानी घ्यावा.

परंतु बेरीज सांगते थोडे आणि झाकते पुष्कळ. समजा, मराठीच्या १०० गुणांपैकी व्याकरणास ४०, उताऱ्याच्या आकलनास ३० आणि निबंधास ३० गुण आहेत. एका विद्यार्थ्यास अनुक्रमे ३६, १० आणि १४ गुण मिळाले. दुसऱ्यास १६, २० आणि २४. दोघांचीही बेरीज ६०. पण पहिल्यास नियम पाठ आहेत, वाचनाची गोडी मात्र लागावयाची आहे. दुसऱ्यापाशी विचार आहे, त्यास शुद्धतेची शिस्त हवी आहे. दोघांस 'अधिक अभ्यास करा' एवढाच उपदेश करणे म्हणजे दोन निराळ्या रोगांवर एकच औषध देण्यासारखे आहे.

गुणांऐवजी श्रेणी द्याव्यात, असाही उपाय योजून पाहण्यात आला. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१० पासून काही वर्षे दहावीच्या निकालात श्रेणी दिल्या. ८१ ते ९० गुणांस एक श्रेणी आणि ९१ ते १०० गुणांस तिच्या वरची. एकेका गुणासाठी होणारी ओढाताण त्यामुळे कमी व्हावी, हा हेतू चांगलाच होता. परंतु ८१ आणि ९० एका पंगतीस बसले, आणि ९० व ९१ यांची ताटातूट झाली. पुढे २०१८ च्या परीक्षेपासून गुण परत आले. यातून घ्यावयाचा बोध असा, की रेषा कोठेही ओढली, तरी तिच्या अलीकडे आणि पलीकडे अगदी लगत उभी असलेली मुले जवळजवळ सारखीच असतात. एका गुणाने चुकलेल्या क्रमांकासाठी अश्रू ढाळणे व्यर्थ, आणि एका गुणाने मिळालेल्या क्रमांकाचा गर्वही व्यर्थ.

आता चुकांविषयी. आपणांपैकी पुष्कळांच्या घरी माझ्याप्रमाणेच कोकणी बोलली जाते. कोकणीत लहान मुलीविषयी बोलताना क्रियापद नपुंसकलिंगी येते: 'शांता शाळेंत गेलें'. तेच वळण घेऊन मूल मराठीत 'शांता शाळेत गेले' असे लिहिते. मराठीच्या नियमाने ही चूक आहे, आणि तेथे गुण कापलाच पाहिजे. तथापि, या मुलास व्याकरण येत नाही असे नव्हे. त्याने एका भाषेचे व्याकरण दुसरीस लावले आहे. हे त्यास समजावून दिले, की तो दोन्ही भाषांकडे डोळसपणे पाहू लागतो. तांबड्या शाईची खूण हा निवाडा नव्हे. पुढच्या पाठाचा तो आरंभ आहे.

पोर्तुगीज राजवटीत, १९०८ साली, पणजीत मराठी शिक्षणासाठी मुष्टिफंड ही संस्था निघाली. घरोघरच्या मूठमूठ तांदळांवर तिचा पाया घातला गेला, हे तिचे नावच सांगते. मुठीचे माप मोठे विलक्षण आहे. कोणाची मूठ लहान, कोणाची मोठी. पण ज्याने आपली मूठ भरून दिली, त्याने पूर्ण दिले. परीक्षेचे माप सर्वांस एक, मुठीचे माप ज्याचे त्याला. शाळेस दोन्ही मापे ठेवावी लागतात. गतवर्षी ३० गुणांवर असलेला विद्यार्थी यंदा ४५ वर आला, तर क्रमांकाच्या यादीत तो कदाचित मागेच दिसेल. मुठीच्या मापाने त्याने पुष्कळ दिले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही प्रगतिपुस्तकात शिक्षकाबरोबरच विद्यार्थ्याने स्वतःचे आणि सहाध्यायांनी एकमेकांचे केलेले मूल्यमापन असावे, असे सुचविले आहे.

म्हणून पालकांस विनंती, की गुणपत्रिका हाती आल्यावर शेजारच्या मुलाचे गुण विचारण्यापूर्वी आपल्याच मुलास तीन गोष्टी विचाराव्यात: गतवर्षीपेक्षा तू कोठे पुढे आलास? कोणता भाग अजून कळत नाही? त्यासाठी आमची कोणती मदत हवी? हे प्रश्न रागावून विचारू नयेत. रागावलेल्या घरात मूल खरे उत्तर देत नाही, आणि पुढे गुणपत्रिका लपवावयास शिकते.

आणि विद्यार्थी मित्रांनो, आपल्या भाषेत 'गुण' या एकाच शब्दाने परीक्षेतील अंकही दर्शविले जातात आणि मनुष्याच्या अंगचा चांगुलपणाही. वर्गात मागे पडलेल्या सोबत्यास मधल्या सुट्टीत गणित समजावून देणाऱ्याच्या पत्रिकेत त्याबद्दल एकही अंक चढत नाही. तरीही त्या सोबत्याच्या पत्रिकेत जे चार अंक वाढतात, त्यांत त्याचाही वाटा असतो.