एक स्थानक, दोन मार्ग

कुर्डुवाडीचे स्थानक आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. १८९७ साली बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली आणि अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची छोटी गाडी तेथे मुंबई-मद्रास मार्गावरच्या मोठ्या गाडीला भेटू लागली. मार्ग दोन, परंतु दोन्ही वेळापत्रकांत स्थानकाचे नाव एकच. पुढे छोटी गाडी जाऊन तेथेही ब्रॉडगेज आली. या स्थानकाची आठवण मला एका संगणक कक्षात झाली.

सोलापुरातील एका संस्थेत मी तो कक्ष सांभाळीत असे. तेथे 'एएफएस' ही वितरित फाईल व्यवस्था होती. १९८०च्या दशकात अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात ती निर्माण झाली. तीत फाईली अनेक यंत्रांवर विखुरलेल्या असतात. कोणती फाईल कोठे आहे, वापरकर्ते व त्यांचे गट कोणते, याची नोंदवही डेटाबेस सर्व्हर ठेवतात. आमचे सर्व्हर तीन. तिघांच्या नोंदी जुळाव्यात म्हणून ते मतदानाने एक प्रमुख निवडतात आणि नवी नोंद केवळ त्याच्याकडे होते. प्रमुखाला निम्म्याहून अधिक मते लागतात.

एकदा एक सर्व्हर दुरुस्तीला गेला होता. उरलेल्या दोहोंपैकी एकाला मी दुसरे नेटवर्क कार्ड जोडले. वाटले, दोन वाटा झाल्या, सोय वाढली! झाले उलटेच. त्याचे निरोप नव्या कार्डाच्या पत्त्यावरून जाऊ लागले. जोडीदाराच्या यादीत तो पत्ता नव्हता. अनोळखी म्हणून त्याने ते मोजलेच नाहीत. तिघांत दोन मते जमेनात, प्रमुख ठरेना. जुन्या फाईली वाचता येत. पण प्रवेश घेतलेल्या नव्या विद्यार्थ्यांची खाती उघडेनात. मुले दाराशी ताटकळत उभी होती आणि चूक माझी होती.

उपाय साधा निघाला. 'सेलसर्व्हडीबी' या यादीत प्रत्येक डेटाबेस सर्व्हरचा एकच पत्ता लिहावा आणि ती यादी सर्वत्र सारखी ठेवावी. 'नेटइन्फो' फाईलमध्ये वापरावयाचे पत्ते द्यावेत, 'नेटरिस्ट्रिक्ट'मध्ये टाळावयाचे. मग सर्व्हर पुन्हा सुरू करावेत. तसे करताच मते जुळली आणि सायंकाळपर्यंत खाती उघडली.

मित्रहो, वाटा वाढविणे सोपे असते. परंतु आपण कोणत्या नावाने ओळखले जाणार, हे सोबत्यांना आधी सांगावे लागते. कुर्डुवाडीला हे ठाऊक होते. मला ते चुकून शिकावे लागले.