भुईआवळ्याचा काढा : गुण किती व भरंवसा किती

शेतकरी बंधूंस ठाऊकच आहे कीं, श्रावण-भाद्रपदांत भुईमूग-बाजरीची खुरपणी चालू असतां चाकण-खेडच्या बाजूस काविळीची वार्ता येते, आणि तिच्यामागोमाग बांधावर भुईआवळा शोधणारीं माणसें दिसूं लागतात. हें तण फुकट मिळतें, वडीलधाऱ्यांचा त्यावर विश्वास आहे, आणि अलीकडे पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत कामास जाणारीं आपलीं मुलें अशाच वनस्पतींच्या पुड्या ‘हर्बल टी’ म्हणून विकत आणतात. तेव्हां या काढ्याचा गुण किती व त्यावर विसंबावें किती, याचा नीट विचार करणें अगत्याचें आहे.

हा विषय मला सुचण्यास एक दुःखद कारण घडलें. आमच्या भावकींतील एका सुनेस आठव्या महिन्यांत कावीळ झाली. घरच्यांनीं काढा सुरू केला आणि ‘आठ दिवसांत डोळे निवळतील’ म्हणून दवाखाना लांबविला. पांचव्या दिवशीं तिला गुंगी येऊं लागली, तेव्हां रात्रीं गाडी करून तिला इस्पितळांत न्यावें लागलें. ती वांचली, मूल मात्र वांचलें नाहीं. काढ्यानें अपाय केला असें मी म्हणत नाहीं. पांच दिवस हातचे गेले, हाच अपाय होय.

रोगाचें स्वरूप.— जुन्या रक्तपेशी मोडल्यावर जें पिवळें द्रव्य तयार होतें तें यकृत पित्तावाटे बाहेर टाकतें. यकृतास सूज आली कीं तें द्रव्य रक्तांत सांचतें व डोळे पिवळे होतात. म्हणजे कावीळ हें लक्षण आहे. त्यामागें दूषित पाण्यांतील विषाणु, दारू, पित्तखडे, एखादें औषध अशीं निरनिराळीं कारणें असूं शकतात. पाण्यावाटे येणारी ‘ए’ व ‘ई’ जातीची कावीळ बहुतेक प्रौढांत कांहीं आठवड्यांत आपोआप बरी होते. त्यामुळें त्या मुदतींत जें कांहीं घेतलें त्याच्या पदरीं यश पडतें. परंतु ‘ई’ जातीची कावीळ गर्भिणीस शेवटच्या तिमाहींत झाल्यास शेंकडा 20 ते 25 पर्यंत स्त्रिया दगावूं शकतात.

ओळख.— चतुःसीमा पाहिल्यावांचून आपण जमीन घेत नाहीं, तशीच खूण पटल्यावांचून वनस्पति पोटांत घेऊं नये. भुईआवळा वीत-दीड वीत उंच वाढतो. बारीक डहाळीवर दोहों बाजूंस लहान पानें असतात व पानांखालीं मोहरीएवढीं आवळ्याच्या आकाराचीं हिरवीं फळें ओळीनें लोंबतात. देंठ मोडल्यावर पांढरा चीक आला, तर तो भुईआवळा नव्हे. तणनाशक वा कीटकनाशक फवारलेल्या कांद्याच्या वाफ्यांतून, सडकेच्या कडेनें किंवा कारखान्याच्या नाल्याजवळून झाड कधींहि घेऊं नये.

कृति.— ताजें पंचांग एक तोळा, म्हणजे सुमारें 12 ग्रॅम, स्वच्छ धुवून ठेंचावें. सोळा तोळे पाण्यांत मंद आंचेवर ठेवून चार तोळे उरल्यावर गाळावें. भांडें स्टीलचें असावें. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापविलेलें दूध तान्ह्या मुलांस पाजल्यानें त्यांच्या यकृतांत तांबें सांचून घातक विकार होतो, असें पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉक्टरांनीं 1980 नंतरच्या दशकांत दाखविलें, हें ध्यानांत ठेवावें. हा काढा प्रौढानें वैद्यास विचारून थोडे दिवस घ्यावा. गर्भिणी, बालकें व मधुमेहाचीं औषधें घेणारे यांनीं परस्पर घेऊं नये.

पुरावा.— मद्रास येथें थ्यागराजन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ‘बी’ जातीच्या विषाणूचे वाहक असलेल्यांस तीस दिवस भुईआवळा दिला. 37 पैकीं 22 जणांच्या रक्तांतील विषाणूची खूण नाहींशी झाली, असें त्यांनीं 1988 सालीं प्रसिद्ध केलें. पुढें इतर देशांत झालेल्या प्रयोगांत मात्र तसा गुण दिसला नाहीं. म्हणून आशा ठेवावी, पण हमी धरूं नये.

‘झाडपाला आहे, अपाय काय करणार?’ हा समजहि खोटा आहे. गुळवेल घेतल्यानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांची हकीकत मुंबईच्या डॉक्टरांनीं 2021 सालीं प्रसिद्ध केली. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी जात वापरली गेली असावी, असें आयुष मंत्रालयानें त्यावर म्हटलें. वाद कसाहि सुटो, ओळख चुकूं नये हा धडा दोन्ही पक्षीं सारखाच आहे. देवडांगरीचा रस नाकांत घालणें व डाग देणें हे उपाय तर सर्वथा टाकावेत.

मूळ उपाय पाण्याचा.— दिल्लीस 1955-56 सालीं यमुनेच्या पाण्यांत सांडपाणी मिसळून सुमारें 29,000 लोकांस कावीळ झाली. ती ‘ए’ किंवा ‘बी’ जातीची नव्हती, हें पुढें 1980 सालीं सांठविलेल्या रक्तरसाच्या तपासणीवरून कळलें. त्या कामांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ होते. पवना, इंद्रायणी व भामा यांच्या कांठीं आतां गांवांपेक्षां वस्ती दाट झाली आहे. म्हणून विहिरीजवळ शौचखड्डा नसावा व पावसाळ्यांत पाणी खळखळून उकळूनच प्यावें. काढ्यासाठीं चूल पेटविणाऱ्यानें हंडाभर पाणीहि त्याच चुलीवर ठेवावें.

सारांश, डोळे पिवळे दिसतांच त्याच दिवशीं रक्त तपासावें. गुंगी, असंबद्ध बोलणें, रक्तस्राव, न थांबणारी वांती यांपैकीं एकहि लक्षण दिसल्यास, किंवा रोगी गर्भिणी असल्यास, काढ्याचें पातेलें खालीं उतरवून आधीं गाडी जुंपावी. दारू पूर्ण वर्ज्य करावी. साधें अन्न पोटभर द्यावें. भुईआवळा शेतांत पुढच्या वर्षीं पुन्हां उगवेल. गेलेला माणूस पुन्हां येत नाहीं.