'टॉप'ची वरची ओळ आधी वाचा

एका कारखान्याचा बिलिंगचा सर्व्हर रखडतोय म्हणून मला बोलावणं आलं. लिनक्सवर चालू प्रोसेस दाखवणारी 'टॉप' ही कमांड लावली. वरच्या ओळीत सीपीयू जवळजवळ पूर्ण गुंतलेला; खालच्या यादीत मात्र चार-दोन टक्क्यांच्या वर एकही प्रोसेस नाही. अकाउंट्समधले काका म्हणाले, "अहो, रॅम वाढवून टाका ना!" कोटेशनही मागवून झालं होतं.

वरची ओळ कर्नलच्या, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्याच्या, एकूण हिशेबातून येते, खालची यादी 'प्रॉक' या डिरेक्टरीतली नावं वाचून बनते. दोन्हींचा मेळ बसत नसेल तर मधे कुणीतरी नावं गाळत असू शकतं. मी प्रोसेसचे क्रमांक एकेक करून चाचपले. त्यातला एक यादीत नव्हता, पण तो थेट टाकला की त्याच्या डिरेक्टरीत शिरता येत होतं. आत कुणा परक्याचं क्रिप्टो मायनिंग बिनबोभाट चाललेलं.

नावं गाळत होतं एक कर्नल मॉड्यूल. चालू यंत्रणेत नवा ड्रायव्हर बसवता यावा, रीबूट लागू नये, यासाठी ही सोय आहे आणि ती उत्तमच आहे. पण आत गेलेला कोड कर्नलचाच भाग होतो. त्याच्यावर पहारा ठेवणारं वर कुणी उरत नाही. फाइल्सची यादी कर्नलच देतो, प्रोसेसची तोच देतो, अँटिव्हायरसही त्यालाच विचारतो. कुंपणच शेत खातं ते असं. मॉड्यूलची यादी देणाऱ्या 'एलएसमॉड'मध्येही काही दिसलं नाही, कारण या मॉड्यूलने आत शिरताच यादीतून स्वतःचं नाव खोडलं होतं. एक खूण मात्र मागे राहिली. कर्नलचा 'टेंटेड' आकडा 12288 दाखवत होता: 4096 म्हणजे बाहेरचं मॉड्यूल, 8192 म्हणजे सहीविना. या सर्व्हरवर बाहेरचा एकही ड्रायव्हर बसवलेला नव्हता.

शिरकाव साधाच होता. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याने दुरून सपोर्ट देण्यासाठी रूट खातं उघडं ठेवलं होतं आणि पासवर्ड कुणालाही सुचेल असा. पुढे असं मॉड्यूल घालणं अवघड नाही. 'फ्रॅक' या हॅकरांच्या मासिकात 1997 सालीच यावर लेख आला होता, आणि 'डायमॉर्फिन'सारख्या रूटकिटचा, म्हणजे अशा लपून बसणाऱ्या मॉड्यूलचा, सोर्स आज कुणालाही उतरवून घेता येतो. मोठे खेळाडूही हेच करतात. 'ड्रोव्होरब' हे रशियन लष्करी गुप्तचरांचं, कर्नल मॉड्यूलमागे दडणारं मालवेअर अमेरिकेच्या एनएसए आणि एफबीआयने ऑगस्ट 2020 मध्ये उघड केलं. ओपनबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनी तर 5.7 या आवृत्तीत मॉड्यूलची सोयच काढून टाकली. मला ते टोकाचं वाटतं, पण वेडेपणाचं नाही.

तुमच्याकडे सर्व्हर असेल तर सिक्युअर बूट चालू ठेवा आणि सहीविना मॉड्यूल कर्नल नाकारतो का, हे स्वतः तपासा. सही पडताळण्याची सोय लिनक्समध्ये 3.7 पासून, म्हणजे 2012 पासून आहे. पण अनेक ठिकाणी ती नुसती कुरकुर करते, अडवत नाही. इथे आणखी एक मेख आहे. बाहेरच्या ड्रायव्हरसाठी सहीची किल्ली त्याच मशीनवर तयार होते आणि खासगी किल्ली बऱ्याचदा त्याच डिस्कवर पडून राहते. रूट मिळालेला चोर मग स्वतःच्या मॉड्यूलवर तुमचीच सही ठोकतो. ती किल्ली दुसरीकडे हलवा.

त्याहून सोपा उपाय 'मॉड्यूल्स डिसेबल्ड'. ही सेटिंग 1 केली की रीबूटपर्यंत नवं मॉड्यूल बसत नाही आणि रूटलाही ती मागे घेता येत नाही. मात्र फायरवॉल, बॅकअपची डिस्क, यांना लागणारी मॉड्यूल्स आधी चढवून मगच ती लावा, नाहीतर बॅकअपच्या रात्री तुम्हालाच फोन येईल. कंटेनर 'प्रिव्हिलेज्ड' चालवू नका. आतून यजमानाच्याच कर्नलमध्ये मॉड्यूल घालता येतं. न लागणारे प्रोटोकॉलही बंद करा. डीसीसीपी कुणी फारसं वापरत नाही, पण 2017 मध्ये त्यातली जी चूक सापडली ती सुमारे बारा वर्षं तशीच होती, आणि साधा वापरकर्ताही नुसतं सॉकेट उघडून असं मॉड्यूल आपोआप चढवू शकतो. मॉड्यूलच्या सेटिंग फाइलमध्ये 'ब्लॅकलिस्ट' लिहून भागेलच असं नाही. 'इन्स्टॉल' ओळीत 'फॉल्स' द्या.

प्रामाणिक मॉड्यूलही जपूनच बसवा. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे 85 लाख विंडोज मशीन बंद पाडली. तिथे चोर नव्हता. कर्नलमध्ये चालणारा ड्रायव्हर एका चुकीच्या फाइलवर अडखळला, एवढंच.

आणि असं मॉड्यूल सापडलंच तर ते काढून टाकून सर्व्हर पुन्हा कामाला जुंपू नका. ते गेलं, हेही तोच कर्नल सांगणार. डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून तपासा, सर्व्हर नव्याने बसवा, त्यावरचे सगळे पासवर्ड आणि किल्ल्या बदला.