पळताना फोन कुठे ठेवावा?

आमच्या गावाबाहेरच्या रस्त्यावर पहाटे साडेपाचपासूनच वर्दळ सुरू होते. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली, मधुमेहामुळे फिरायला लागलेले गृहस्थ, भिशी मंडळातील महिलांचा घोळका असे सगळेच तेथे भेटतात. व्यायामाची ही आवड वाढते आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र यातील बहुतेकांच्या हातात मोबाइल असतो, आणि उरलेल्यांचा तो घरी चार्जिंगला लावलेला असतो. पळताना फोन कुठे ठेवावा हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. मलाही पूर्वी तसेच वाटे. दोन रुग्णांमुळे माझे मत बदलले.

पहिली रुग्ण एकोणीस वर्षांची मुलगी. भरतीच्या मैदानी चाचणीला दीड महिना उरला होता. उजव्या हातात फोन, दोन्ही कानांत गाणी, अशी ती रस्त्याच्या कडेने पळत होती. डांबर संपून मुरुम सुरू होतो तेथे पाय मुरगळला आणि ती पडली. पडताना माणूस आपोआप तळहात पुढे टेकवून स्वतःला सावरतो. तिने मात्र फोन वाचवण्यासाठी मूठ आवळून हात छातीशी घेतला. सगळा भार कोपरावर आला व कोपराचे हाड मोडले. फोनला ओरखडाही नव्हता. दीड महिना हात प्लास्टरमध्ये राहिला आणि ती भरती हुकली.

दुसरे रुग्ण बासष्ट वर्षांचे निवृत्त शिक्षक. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू होती. हातात फोन धरून चालणे आवडत नाही म्हणून ते तो घरीच ठेवत. एका सकाळी घरापासून दोन किलोमीटरवर छातीत दाबल्यासारखे होऊन दरदरून घाम आला. आसपास कोणी नव्हते. ‘हळूहळू घरी जाऊ’ असा विचार करून ते चालत निघाले. घरच्यांनी त्यांना दवाखान्यात आणले तेव्हा पाऊण तास उलटून गेला होता आणि ईसीजीमध्ये हृदयविकाराचा झटका स्पष्ट दिसत होता. जिल्ह्याच्या ठिकाणी उपचार होऊन ते वाचले, पण आता एक जिना चढला तरी त्यांना दम लागतो. झालेला उशीर आणि त्या अवस्थेतले चालणे, दोन्ही त्यांना महागात पडले.

एकीचा फोन हातात होता, दुसऱ्यांचा घरी. फोन बरोबर असावा, पण हातात नसावा. तो अंगाला घट्ट बांधलेला असावा, एवढेच आजच्या लेखाचे सार आहे. ते कसे साधावे हे पाहू.

हातात का नको?

आजच्या मोबाइलचे वजन साधारण १७० ते २२० ग्रॅम असते. हे वजन फार नाही. पण पळताना मिनिटाला दीडशेच्या वर पावले पडतात आणि प्रत्येक पावलाबरोबर हात झुलतो. घामाने फोन निसटू नये म्हणून बोटे सतत आवळलेली राहतात. त्यामुळे हाताचे स्नायू आखडतात, खांदा वर चढतो व मान अवघडते. ‘पायांसाठी पळतो, पण मान दुखते’ असे सांगणाऱ्यांनी आधी हातातला फोन काढून पाहावा. हातातला फोन वाजला की नजर रस्त्यावरून त्याच्याकडे जाते, हा धोका वेगळाच.

खिशाचे काय?

शर्टाच्या वरच्या खिशातला फोन वाकताच खाली पडतो. ज्यांना पेसमेकर बसवला आहे त्यांनी तर तेथे फोन ठेवूच नये. पेसमेकर व फोन यांत किमान १५ सेंटिमीटर, म्हणजे सहा इंच अंतर हवे. सैल ट्रॅक पँटच्या खिशातला फोन प्रत्येक पावलाला मांडीवर आपटतो. वजनाने पँट खाली येते, ती सावरण्यासाठी एक हात गुंततो आणि पळण्याचा तोल बिघडतो. सावकाश चालणाऱ्याला चेन असलेला, अंगासरशी बसणारा खिसा चालेल, पळणाऱ्याला नाही. दोरीने गळ्यात अडकवलेला फोनही पळताना छातीवर आपटतो.

दंडावरचा पट्टा

खेळाच्या साहित्याच्या दुकानात फोनसाठी दंडाला बांधायचा पट्टा मिळतो. फोन लहान असेल तर तो सोयीचा आहे. मोठ्या फोनचा पट्टा घसरतो, म्हणून लोक तो करकचून आवळतात. मग बोटांना मुंग्या येतात. मुंग्या आल्यास पट्टा लगेच सैल करावा. डायलिसिससाठी ज्या हातावर फिस्टुला केलेला आहे त्या हाताला पट्टा कधीही बांधू नये. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्या असतील, तर त्या बाजूच्या हातालाही घट्ट पट्टा नको.

कमरेचा पट्टा सर्वांत बरा

शरीराचा मध्य कमरेजवळ असतो व पळताना तेथे हातापायांइतकी हालचाल होत नाही. म्हणून तेथे बांधलेले वजन कमी जाणवते. इलॅस्टिकचा, चेनचा कप्पा असलेला पट्टा घ्यावा आणि फोन पोटावर किंवा पाठीच्या खालच्या भागावर येईल असा बांधावा. बरोबर बांधला आहे का हे पाहण्याची सोपी रीत अशी: पट्टा बांधून जागच्या जागी वीस उड्या माराव्यात. फोन हलला तर पट्टा सैल आहे. पट्ट्याखाली दोन बोटे जात नसतील तर तो फार घट्ट आहे.

यासाठी महागडी वस्तूच हवी असे नाही. आपल्या नेहमीच्या शिंप्याकडून चार बोटे रुंद इलॅस्टिकला कापडी कप्पा शिवून घेता येतो. पूर्वी प्रवासाला निघताना बंडीला चोरखिसा शिवून घेत, त्यातलाच हा प्रकार. साडी किंवा पंजाबी ड्रेस घालून फिरणाऱ्या भगिनींनाही हा पट्टा आतून बांधता येतो. ब्लाउजमध्ये फोन खोचण्याची सवय मात्र सोडावी. घामाने तेथील त्वचा ओलसर राहून खाज सुटते, पुरळ येते.

पट्ट्याखालीही घाम साचतो. ओला पट्टा रोज तसाच बांधला तर कमरेवर नायटा येतो. मधुमेह असलेल्यांना हा त्रास अधिक होतो. पट्टा वरचेवर धुवावा व उन्हात वाळवावा. पावसाळ्यात फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून कप्प्यात ठेवावा आणि भिजलेला फोन कोरडा झाल्याशिवाय चार्जिंगला लावू नये.

कान मोकळे ठेवा

रस्त्यावर पळताना मागून येणारी मोटार डोळ्यांआधी कानांना कळते. म्हणून रस्त्यावर गाणी नकोत; फारच हौस असेल तर एक कान मोकळा हवा आणि आवाज कमी. पदपथ नसलेल्या रस्त्यावर नेहमी उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणारी वाहने दिसतील अशा बेताने चालावे किंवा पळावे.

फोन वेळेला कामी यावा म्हणून

फोन बरोबर आहे, पण उपयोग कसा करायचा हे माहीत नाही, असे होऊ नये. पुढील गोष्टी आजच करून ठेवाव्यात.

१. निघताना फोन पुरेसा चार्ज आहे ना, हे पाहावे.

२. १०८ हा रुग्णवाहिकेचा व ११२ हा तातडीच्या मदतीचा क्रमांक घरातील सर्वांना पाठ असावा. फोन लॉक असला तरी त्यावरून तातडीचा क्रमांक लावता येतो. रस्त्यावर असाल तर जवळच्या किलोमीटरच्या दगडावरील गाव व आकडा सांगावा, म्हणजे गाडी नेमकी पोहोचते.

३. बहुतेक फोनमध्ये रक्तगट, आजार, औषधे व नातेवाइकाचा क्रमांक भरून ठेवण्याची सोय असते. ही माहिती फोन न उघडताही दुसऱ्याला पाहता येते. मुलांकडून ती भरून घ्यावी. तीच माहिती एका चिठ्ठीवर लिहून कप्प्यात ठेवावी. चिठ्ठीला बॅटरी लागत नाही.

४. इन्सुलिन घेणाऱ्यांनी, तसेच ज्यांना मधुमेहाच्या गोळ्यांनी साखर एकदम उतरण्याचा त्रास होतो त्यांनी, त्याच कप्प्यात तीन चहाचे चमचे साखरेची पुडी ठेवावी. हात थरथरणे, घाम, डोळ्यांपुढे अंधारी असे वाटताच थांबून ती खावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये.

५. छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हातात कळ, एकाएकी दम लागणे, दरदरून घाम यांपैकी काही झाल्यास तेथेच बसावे व फोन करावा. घर दोनशे पावलांवर असले तरी चालत जाऊ नये.

भरतीच्या मुलांना दोन शब्द

पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर पळावे लागते, आणि तेव्हा फोन बरोबर नसतो. म्हणून मैदानावर वेळ लावून सराव करताना तुम्हीही तो ठेवू नका. चार-पाच जण मिळून पळा, सर्वांचे फोन एका पिशवीत ठेवा आणि आळीपाळीने एकाने कडेला बसून वेळ मोजावी. कोणाला काही झाले तर फोन करणारा माणूस तेथे हजरच असेल. रस्त्यावर लांब पल्ल्याचा सराव करताना मात्र पट्टा बांधा.

ती मुलगी परवा दवाखान्यात आली होती. कोपर आता सरळ होते, गोळाफेकीचा सराव पुन्हा सुरू झाला आहे. तिच्या कमरेला आईने शिवलेला पट्टा होता. शिक्षक महाशयही रोज सकाळी सपाट रस्त्यावर अर्धा तास सावकाश चालतात. त्यांच्याही सदऱ्याखाली तसाच पट्टा असतो, आणि त्यात फोनबरोबर एक घडी केलेली चिठ्ठी.