एका रॅकमधले डेटा सेंटर घेताना: काय करावे, काय टाळावे

बीड जिल्ह्यातल्या एखाद्या नागरी बँकेची, पतसंस्थेची, कारखान्याची किंवा मोठ्या रुग्णालयाची सर्व्हर रूम उघडली की चित्र बहुधा सारखेच दिसते. हिशेबाचा एक सर्व्हर, हजेरीचा दुसरा, सीसीटीव्हीचा तिसरा आणि कोपऱ्यात जुन्या सॉफ्टवेअरसाठी जपून ठेवलेला चौथा. मग कधीतरी पुण्याहून विक्रेता येतो आणि हे सगळे एका रॅकमध्ये बसवून देतो म्हणतो.

तो सांगतो त्यात तथ्य आहे. सर्व्हर, स्टोरेज, स्विच आणि व्हर्च्युअलायझेशनचे सॉफ्टवेअर आधीच जुळवून, तपासून एकत्र विकणे म्हणजे कन्व्हर्ज्ड यंत्रणा. सिस्को आणि ईएमसीने व्हीएमवेअरला सोबत घेऊन 2009 मध्ये हा मार्ग रुळवला. पुढे न्यूटॅनिक्ससारख्या कंपन्यांनी स्टोरेजचे वेगळे कपाटच काढून टाकले. प्रत्येक सर्व्हरमधल्या डिस्क सॉफ्टवेअरने एकत्र बांधायच्या आणि त्यावर सगळी व्हर्च्युअल मशीन चालवायची, ही हायपरकन्व्हर्ज्ड यंत्रणा. यातला प्रत्येक सर्व्हर म्हणजे एक नोड, आणि असे जोडलेले नोड मिळून क्लस्टर.

पण ही यंत्रणा मुंबईत घेणे वेगळे आणि बीड जिल्ह्यातल्या वडवणीत घेणे वेगळे. मुंबईत सुटा भाग काही तासांत दारात येतो. वडवणीत रात्री अकराला नोड बंद पडला तर तो कोण, कुठून आणि कधी दुरुस्त करणार, या प्रश्नापासूनच खरेदी सुरू व्हायला हवी. पुढची यादी त्याच हिशेबाने केली आहे.

करावे: स्वतःची यंत्रणा खरोखर हवी का, हे आधी ठरवा. गावोगावच्या प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणाची योजना केंद्राने 29 जून 2022 रोजी मंजूर केली. देशभरातल्या 63,000 संस्था, 2,516 कोटी रुपये आणि सर्वांसाठी नाबार्डमार्फत एकच सामायिक सॉफ्टवेअर, असे तिचे तेव्हाचे स्वरूप होते. वडवणी तालुक्यातल्या अशा सोसायटीला चांगला संगणक, यूपीएस आणि टिकणारे इंटरनेट हवे, क्लस्टर नको. दोन-तीन शाखांच्या पतसंस्थेचेही बहुधा तसेच. सॉफ्टवेअर कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये जागा भाड्याने घेणे तिला स्वस्त पडते आणि तेच तिच्या आवाक्यातले असते.

टाळावे: भाड्याने घेतले म्हणजे जबाबदारी संपली असे मानणे. 31 जुलै 2024 रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या सेवा देणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअर हल्ल्याचा संशय आला. देयक व्यवस्था चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला त्या व्यवस्थेपासून तोडले आणि देशातल्या जवळपास 300 लहान बँकांचे यूपीआय व एटीएम व्यवहार अडले. त्यांत सहकारी बँका आणि ग्रामीण बँका होत्या. त्या बँकांच्या स्वतःच्या खोलीत काहीच बिघडले नव्हते. म्हणून आपल्या डेटाची रोजची प्रत आपल्या हातात येईल, हे कलम करारात असलेच पाहिजे.

करावे: महिनाभर मोजमाप घ्या, आणि महिना योग्य निवडा. बँकेसाठी मार्च, कारखान्यासाठी गाळप हंगाम, महाविद्यालयासाठी प्रवेशाचे दिवस. जून महिन्याच्या आकड्यांवर मार्चची यंत्रणा ठरवता येत नाही. लाइव्ह ऑप्टिक्ससारखी मोफत साधने सध्याच्या सर्व्हरवर चालवली की प्रोसेसर किती लागतो, रॅम किती लागते, डिस्कवर दर सेकंदाला किती वाचन-लेखन होते, हे कळते. बहुतेक ठिकाणी प्रोसेसर निम्मा रिकामा असतो आणि रॅम आधी संपते. त्यामुळे पैसे रॅममध्ये घालावेत.

टाळावे: कोटेशनमधल्या टेराबाइटवर विश्वास ठेवणे. तीन नोड, प्रत्येकी 20 टेराबाइट, एकूण 60, असे लिहिलेले असते. एक नोड बंद पडला तरी सगळे चालायला हवे, म्हणून एका नोडची जागा बाजूला ठेवा. उरले 40. प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती वेगवेगळ्या नोडवर राहतात, म्हणजे 20. क्लस्टर गच्च भरला की मंदावतो, तेव्हा पाचवा भाग मोकळा सोडा. हातात 16 टेराबाइट येतात. डेडुप्लिकेशन (एकसारखा डेटा एकदाच साठवणे) आणि कॉम्प्रेशनने जागा वाढेल असे विक्रेता म्हणेल. वाढतेही, पण सीसीटीव्हीचे चित्रण आणि एक्स-रे, सीटीच्या फायली आधीच दाबलेल्या असतात, त्यांवर फार फरक पडत नाही. ‘वापरण्याजोगे’ टेराबाइट किती, हा आकडा लेखी घ्यावा.

करावे: वाढ कशाची होणार, हे पाहून प्रकार निवडा. रुग्णालयात दरवर्षी फायली वाढतात, पण गणन करण्याचे काम तेवढेच राहते. तिथे स्टोरेज वेगळे वाढवता येणारी कन्व्हर्ज्ड रचना बरी. हायपरकन्व्हर्ज्डमध्ये निव्वळ जागेसाठी नोड जोडला, तरी प्रोसेसर आणि त्याचे परवाने सोबत येतात. बँकेत दोन्ही हळूहळू वाढतात, तिथे हायपरकन्व्हर्ज्ड चांगले बसते.

टाळावे: विटनेसशिवाय, म्हणजे कोणत्या नोडने काम चालू ठेवायचे याचा कौल देणाऱ्या तिसऱ्या साक्षीदाराशिवाय, दोन नोडचा क्लस्टर. दोघांमधली केबल तुटली की दुसराच मेला, असे प्रत्येकाला वाटते. दोघे वेगवेगळे लिहू लागले तर हिशेबाची दोन सत्ये तयार होतात. तीन नोड घ्यावेत. परवडत नसेल तर दोन घ्यावेत आणि विटनेस तिसऱ्या जागी, म्हणजे बीडच्या शाखेत किंवा क्लाउडवर ठेवावा. तो त्याच खोलीत ठेवला तर उपयोग निम्मा होतो.

करावे: सेवेचा करार वडवणीचा पिनकोड लिहून करा. ‘चार तासांत सेवा’ हे वाक्य माहितीपत्रकात असते, पण कंपनीचे सुट्या भागांचे गोदाम किती लांब आहे त्यावर ते लागू होते की नाही हे ठरते. विक्रेत्याला विचारा: आमच्या पिनकोडला तुमची कोणती सेवा प्रत्यक्ष मिळते? डिस्क कुठून निघणार? इंजिनिअर तुमचा की तिसऱ्याच एजन्सीचा? रविवारी आणि दिवाळीत कोण येणार? उत्तर ‘दुसऱ्या कामाच्या दिवशी’ असेल तर त्यात लाज नाही, पण मग त्या हिशेबाने तयारी हवी. दोन डिस्क, एक पॉवर सप्लाय, एक-दोन नेटवर्क केबल आणि ट्रान्सीव्हर आपल्याच कपाटात ठेवावेत. ते मूळ खरेदीतच मागावेत, नंतर महाग पडतात. तक्रार केली की एकाच कंपनीने पूर्ण रॅकची जबाबदारी घ्यावी. ‘हा दोष स्विचचा, त्यांना विचारा’ हे ऐकायचे असते तर चार वेगळे सर्व्हरच बरे होते.

आणि आपल्या माणसांना शिकवावे. एकाला नव्हे, दोघांना. या भागात शिकलेला माणूस पुण्याला जातो, त्याला कोणी अडवू नये. पण तो गेल्यावर पासवर्ड, केबलचा नकाशा आणि बंद-चालू करण्याची क्रमवार पद्धत मराठीत लिहिलेली, छापलेली, कपाटात असावी.

करावे: वीज आणि उष्णता आधी, रॅक नंतर. मराठवाड्यात या यंत्रणा सॉफ्टवेअरपेक्षा खोलीमुळे जास्त मरतात, असे माझे ठाम मत आहे. तीन नोड आणि दोन स्विच मिळून अडीच किलोवॅट धरा. त्याची उष्णता ताशी साडेआठ हजार बीटीयू, म्हणजे एक टनाच्या आत. कागदावर दीड टनाचा एक एसी पुरतो. तरीही दोन घ्यावेत आणि टायमरवर आलटून-पालटून चालवावेत, कारण एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळिशी ओलांडलेली असते आणि एसी तेव्हाच बंद पडतो. यंत्रात शिरणारी हवा 18 ते 27 अंशांच्या दरम्यान ठेवावी. वीज गेल्यावर यूपीएस सर्व्हरला जिवंत ठेवतो, पण एसी थांबतो आणि बंद खोली बघता बघता तापते. म्हणून एसी जनरेटरवर हवा. शिवाय वीज परतल्यावर एसी आपोआप सुरू होतो का, हे स्वतः वीज बंद करून तपासावे. अनेक घरगुती एसी रिमोटची वाट पाहत बसतात, आणि रात्री दोनला रिमोट दाबायला कोणी नसते.

प्रत्येक नोडला दोन पॉवर सप्लाय असतात. ते दोन वेगळ्या ऑनलाइन यूपीएसला जोडावेत. दोन्ही एकाच यूपीएसला लावले तर दुसऱ्याचे पैसे वाया गेले. अर्थिंगचा खड्डा या खोलीसाठी वेगळा हवा, आणि न्यूट्रल-अर्थिंगमधले व्होल्टेज उन्हाळ्यात पुन्हा मोजायला हवे. आपल्याकडे जमीन कोरडी पडली की पावसाळ्यात चांगले असलेले अर्थिंग मार्चनंतर निकामी होते. त्यात पाणी घालायचे काम कुणाच्या तरी नावावर लावा. केबल आत येतात ती भोकेही बुजवा, उंदीर फायबर सोडत नाहीत.

टाळावे: परवान्याचा खर्च पहिल्या वर्षापुरता पाहणे. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर 2023 मध्ये व्हीएमवेअर विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवाने विकणे थांबवले. आता वार्षिक वर्गणी, तीही कोअरवर, आणि एका प्रोसेसरमागे किमान 16 कोअर धरून. आठ कोअरचा प्रोसेसर घेतला तरी पैसे सोळाचे. विंडोज सर्व्हरचा परवानाही कोअरवरच चालतो, आणि व्हर्च्युअल मशीन एका नोडवरून दुसऱ्यावर जाणार असेल तर प्रत्येक नोड परवान्यात बसवावा लागतो. पाच वर्षांचा एकूण आकडा मागा: यंत्र, परवाने, एएमसी, वीज. ‘आमच्याकडे व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर 7 चा जुना परवाना आहे, स्वस्तात बसवतो’ असे कोणी म्हटले तर नको म्हणा. त्या आवृत्तीचा आधार 2 ऑक्टोबर 2025 रोजी संपला.

करावे: बाहेर पडण्याचा रस्ता आधी पाहा. सिस्कोसारख्या बलाढ्य कंपनीने 2023 मध्ये आपली हायपरफ्लेक्स ही हायपरकन्व्हर्ज्ड मालिका बंद करत असल्याचे जाहीर केले. ज्यांनी ती घेतली होती त्यांना दुसरे घर शोधावे लागले. आपली व्हर्च्युअल मशीन दुसऱ्या हायपरवायझरवर (ती चालवणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर) नेऊन चालवून दाखवा, अशी अट चाचणीतच घालता येते. प्रॉक्समॉक्ससारखा मुक्त स्रोत पर्याय स्वस्त आणि पक्का आहे. मात्र लिनक्स जाणणारा माणूस पगारावर असेल तरच तो घ्यावा.

टाळावे: दोन प्रती म्हणजे बॅकअप असे समजणे. क्लस्टरमधली दुसरी प्रत डिस्क मेल्यावर उपयोगी पडते. चुकून पुसले, व्हायरसने कुलूपबंद केले किंवा आग लागली, तर दोन्ही प्रती सोबतच जातात. 26 सप्टेंबर 2025 रोजी दक्षिण कोरियातल्या देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटरीने पेट घेतला. 709 सरकारी यंत्रणा बंद पडल्या आणि जी-ड्राइव्ह या सरकारी साठ्यातला 858 टेराबाइट डेटा कायमचा गेला, कारण त्याची बाहेर प्रतच नव्हती. 21 जून 2012 ला मंत्रालयातल्या आगीत जळालेल्या फायलींची आठवण महाराष्ट्राला आहेच.

म्हणून बॅकअपच्या तीन प्रती ठेवाव्यात: एक त्याच इमारतीत पण वेगळ्या यंत्रावर, एक दुसऱ्या गावातल्या शाखेत, आणि एक कोणालाही बदलता न येणारी किंवा केबल काढून ठेवलेली. बॅटऱ्या सर्व्हरच्या खोलीत ठेवू नयेत.

करावे: व्यवस्थापनाचे नेटवर्क वेगळे ठेवा. एका रॅकमध्ये सगळे आले म्हणजे एका पासवर्डच्या मागे सगळे आले. फेब्रुवारी 2023 मध्ये ईएसएक्सआय-आर्ग्ज नावाच्या रॅन्समवेअरने जगभरातले हजारो व्हीएमवेअर सर्व्हर कुलूपबंद केले. ज्या भगदाडातून ते शिरले, त्याचा पॅच दोन वर्षे आधी, फेब्रुवारी 2021 मध्येच आला होता. पॅच कोण लावणार आणि किती दिवसांत, हे एएमसीत लिहून घ्या. हायपरवायझरचे पान इंटरनेटवरून उघडता कामा नये, आणि बॅकअपचा पासवर्ड मुख्य पासवर्डपेक्षा वेगळा हवा. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे लॉग 180 दिवस जपायचे आणि सायबर घटना सहा तासांत कळवायची असते. त्या लॉगची जागा टेराबाइटच्या हिशेबात आधीच धरावी.

टाळावे: निविदेत ब्रँडचे नाव लिहिणे. नेटवर्क 1 गिगाबिटचेच ठेवणे, कारण नोड आपापसात सतत लिहीत असतात आणि 10 किंवा 25 गिगाबिटखाली क्लस्टर गुदमरतो. केवळ प्रोजेक्टरवरचा डेमो पाहून होकार देणे.

करावे: शेवटचा हप्ता चाचणीनंतरच द्या. यंत्रणा बसल्यावर, कामाच्या दिवशी, विक्रेत्यासमोर एका नोडची वीज काढा. हिशेब चालू राहिला का, किती सेकंद अडला, घड्याळ लावून लिहा. एक डिस्क ओढा. एक स्विच बंद करा. मग बॅकअपमधून एक पूर्ण मशीन परत उभे करा आणि कालचा ताळेबंद त्यात जुळतो का, हे रोखपालाला तपासायला सांगा. यातले काहीही विक्रेता ‘आत्ता नको’ म्हणाला तर बिल थांबवा.

संचालक मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय आला, तर पहिल्यांदा हे विचारा: आपला बॅकअप शेवटचा कधी परत उभा करून पाहिला होता? उत्तर तारखेसह मिळाले नाही, तर नवी खरेदी पुढे ढकला आणि आधी ती चाचणी करा.