युरिया जातो कोठे?

खंडाळ्याच्या शेतकऱ्याला जमिनीचे प्रकार शिकवायला नकोत. डोंगराच्या उतारावर मुरमाड, हलकी जमीन असते. खाली नीरा नदीकडे जावे, तशी काळी, भारी जमीन लागते. पण युरिया टाकताना आपण हा फरक विसरतो. मग म्हणतो, "खत टाकलं, तरी पीक पिवळंच राहिलं!"

युरियाचे पोते आता 45 किलोचे येते. 100 किलो युरियात 46 किलो नत्र असते. म्हणजे एका पोत्यात सुमारे 20 किलो नत्र झाले. पिकाच्या कामाचे तेवढेच. त्यासाठीच आपण पैसे मोजतो. हे नत्र तीन वाटांनी पळते.

पहिली वाट हवेची. सकाळी गोठ्यात शिरलो की नाकाला झोंबणारा वास येतो. जनावरांच्या मुतातही युरियाच असतो. त्याचा वायू होतो, त्याचा तो वास. त्या वायूला अमोनिया म्हणतात. शेतात ओल्या जमिनीवर युरिया उघडा पडला आणि वर ऊन तापले, की हेच घडते. चुनखडीच्या काळ्या जमिनीत तर हे फार होते. वायू डोळ्यांना दिसत नाही. म्हणून नुकसानही दिसत नाही.

दुसरी वाट पाण्याची. हलकी जमीन चाळणीसारखी असते. जमिनीत युरियाचे रूप पालटते आणि त्याचे नायट्रेट होते. ते पाण्यात विरघळते. जोराचा पाऊस झाला, किंवा पाट भरून पाणी दिले, की ते मुळांच्या खाली उतरते. पुढे ते विहिरीत जाते.

इथे नुसत्या पैशाचा प्रश्न नाही. एक लिटर पिण्याच्या पाण्यात 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे. असे पाणी वरच्या दुधात घालून तान्ह्या मुलाला पाजले, तर मूल निळे पडू शकते. त्याच्या जिवाला धोका होतो. पाणी उकळले तरी नायट्रेट जात नाही. म्हणून विहिरीचे पाणी तपासून घ्यावे.

तिसरी वाट साचलेल्या पाण्याची. भारी जमिनीत निचरा नसला, की पाणी तुंबते. मातीत हवा राहत नाही. मग मातीतले सूक्ष्म जीव नायट्रेटचा वायू करतात आणि तो उडून जातो.

सरकारने 2015 साली युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा केला. त्यामुळे नायट्रेट सावकाश तयार होते. पण लेप आहे म्हणून युरिया उघडा टाकला, तर उडायचा तो उडतोच.

मग करावे काय? आम्ही चार गोष्टी सांगतो.

1. युरिया वर फोकू नये. ओळीच्या बाजूला, दोन-तीन बोटे खोल टाकून मातीने झाकावा. झाकता येत नसेल, तर लगेच हलके पाणी द्यावे.

2. सगळा युरिया एकदम देऊ नये. दोन-तीन हप्ते करावेत. हलक्या जमिनीत हप्ते अधिक करावेत व दर वेळी थोडा थोडा द्यावा.

3. शेतात पाणी तुंबले असता युरिया देऊ नये. आधी चर काढून पाणी बाहेर काढावे. वाफसा आल्यावर खत द्यावे. मोठ्या पावसाचा रंग दिसत असेल, तर थांबावे.

4. हलक्या जमिनीत शेणखत घालावे. त्याने ओल टिकते आणि नत्रही धरून राहते.

शेजाऱ्याने दोन पोती टाकली, म्हणून आपण तीन टाकू नयेत. आधी माती तपासून घ्यावी. आपली जमीन कोणती ते पाहावे. टाकलेले खत पिकाच्या मुळाशी राहिले, तरच ते आपले.

कठीण शब्द
नत्र : पिकाला वाढवणारे एक अन्नद्रव्य.
निचरा : जादा पाणी जमिनीतून निघून जाणे.

प्रश्न
1. गोठ्यातल्या वासाचा आणि युरियाचा संबंध काय?
2. तुमची जमीन हलकी की भारी? तिच्यातून नत्र कोणत्या वाटेने जात असेल?